पाण्याचं बटण

शहागंजात एका कापडदुकानाच्या वर वेब अ‍ॅप बनवायला शिकवायचा क्लास होता. तिथं एक ताई माझ्या शेजारी बसायच्या. मूळच्या वैजापूरच्या, वयानं आम्हा सगळ्यांहून मोठ्या. स्क्रीनवर लाल अक्षरांत चूक उमटली की बाकीची पोरं वैतागायची. त्या मात्र घरातल्या हट्टी माणसाशी बोलावं तशा पुटपुटायच्या, "व्हय बाबा, कळलं. काय पाहिजे तुला?"

लकव्यानं त्यांच्या वडिलांची वाचा गेली होती. त्यांच्यासाठी त्या एक अ‍ॅप करत होत्या. मोबाइलवर मोठी चित्रं, चित्राला बोट लावलं की मोबाइल बोलणार: पाणी, भूक, दुखतंय. सर फ्रेमवर्कमधल्या, म्हणजे अ‍ॅपच्या तयार साच्यातल्या, नव्या सोयी समजावायचे आणि या विचारायच्या, "सर, बोट थरथरलं तरी चालंल का?"

अ‍ॅप झालं, वडील ते वापरूही लागले. मग त्या बरेच दिवस आल्या नाहीत. वडील गेल्याचं सरांकडून कळलं.

परत आल्या त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तेच अ‍ॅप दुरुस्त करत बसल्या. न राहवून मी विचारलं, "ताई, आता कशाला?"

"पाण्याचं बटण दोनदा दाबावं लागायचं त्यांना," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बोटात जीव नाय. चूक माझ्या कोडात व्हती."

थोड्या वेळानं त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, एकदाच दाबा."

मी दाबलं. "पाणी," मोबाइल लगेच बोलला.

त्या माझ्या हातातल्या स्क्रीनकडं पाहत राहिल्या. मोबाइल परत द्यायलाही मला धीर होईना.