जांभळ्या कापडाखाली

अवधपुरीच्या आमच्या चर्चमध्ये काल उपवासकाळाची जांभळी कापडं पेटीतून काढली. ईस्टरपर्यंत सगळे पुतळे झाकायचे, ही जुनी रीत. डांबरगोळ्यांचा वास आला आणि लहानपणची ती दुपार समोर उभी राहिली.

संत योसेफाचा पुतळा तेव्हा रंगवायला नेला होता. लपाछपीत मी त्याच्या रिकाम्या चौथऱ्यावर कापड पांघरून उभा होतो. शेजारच्या मार्थाकाकू आल्या, कापडावरूनच माझ्या पायांवर कपाळ टेकवलं आणि दचकल्या.

"योसेफबाबा, पाय गरम आहेत हो तुमचे! माझा विल्यम तापानं फणफणलाय. दवाखान्यात नेऊ, की तुम्हीच बघता?"

त्यांनी एकदाचं जावं म्हणून मी आतूनच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"समजलं, बाबा," म्हणत त्या हसत घरी गेल्या. विल्यमला दवाखान्यात नेलंच नाही. ईस्टरच्या घंटा वाजल्या तेव्हा तो नव्हता.

हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. काकू अजून दरवर्षी येतात. कालही त्यांनी पुतळ्याचे पाय चाचपले. "गारच आहेत रे. त्या एकाच दिवशी गरम होते," म्हणाल्या आणि गेल्या.

मग कापड घालताना मी त्या पायांना हात लावला. गरम होते.