वीतभर अंतर

शिवणकामात मास्तरांचे केस पिकले, पण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्यांनी कधी कात्री चालवली नाही. लेक नोकरीसाठी परदेशी गेली आणि पोचल्यावर फोनवर म्हणाली, "बाबा, विमानाला चौदा तास लागले. वाटेत खाली नुसता बर्फ होता."

मास्तरांना ते पटेना. दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी टेप ताणला. आपल्या शहरापासून तिच्या शहरापर्यंत सरळ रेषेत वाळवंट आणि समुद्रच होता. बर्फ कुठल्या कुठे, पार वरच्या टोकाला.

"पायलट वाट चुकला म्हणायचा," ते बायकोला म्हणाले.

ती काजं करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ढेरपोट्या गिऱ्हाइकाचं माप तुम्ही कापड सपाट अंथरून घेता का? पृथ्वी गोल आहे म्हणतात."

मास्तर घुश्शातच उठले, शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून पृथ्वीचा छोटा गोल मागून आणला आणि त्याच्या पोटावरून टेप घट्ट ओढला. टेप आपसूक वर सरकून बर्फावर जाऊन बसला. पायलट निर्दोष सुटला.

थंडीच्या तोंडावर लेकीचा पुन्हा फोन आला. तिला बाबांच्या हातचा कोट हवा होता. मैत्रिणीने घेतलेली मापं ती सांगू लागली, तसे मास्तर म्हणाले, "राहू दे. माप मी येऊन घेतो."

"एका कोटासाठी चौदा तास विमानात बसणार, बाबा?"

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "मी मोजलंय. वीतभर तर आहे."