चार बोटांचा हात

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आईला काही आठवडे वाचायची मनाई होती, म्हणून माझी कादंबरी मी तिला वाचून दाखवू लागले. एरवी तिनं ती हातातही घेतली नसती. मी हिंदीत लिहिते, शाळकरी मुलांसाठी, आणि माझ्या पुस्तकांत राज्यं, शाप, बोलणारे दगड असतात. आईच्या मते हा सगळा बिनकामाचा उद्योग. पण दुपारची जेवणं झाली की ती काळा चष्मा लावून पलंगावर टेकायची आणि मी हिंदी पानं बघत बघत मराठीत सांगत जायची.

बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून भिलाईला आले, प्लांटमध्ये लागले, आणि आम्ही इथलेच झालो. लहानपणी शाळेच्या लायब्ररीत मी वाचलेल्या अद्भुत कथा सगळ्या परदेशी. बर्फातले किल्ले, चिलखतातले सरदार, जंगलातल्या चेटकिणी. लिहायला लागले तेव्हा मीही तसलेच किल्ले बांधले. एका संपादकांनी हस्तलिखित परत करताना विचारलं, "तुम्ही बर्फ कधी पाहिलाय?" मला लाज वाटली. त्यानंतर मी आपल्याकडच्या जुन्या काळात शोधू लागले. देवळांच्या भिंतींवरचे हत्तीच्या तोंडाचे सिंह, लढाईत पडलेल्यांचे वीरगळ, सतीचे दगड. सतीच्या दगडावर पुष्कळदा बाई नसतेच. कोपरात वाकलेला एक हात असतो, बांगड्या भरलेला, आणि वर चंद्र-सूर्य. जिला जाळलं तिचा हात तेवढा ठेवायचा, हे माझ्या मनातून जाईना. माझ्या कादंबरीतला हात तिथून आला, तोही पुस्तकांतले फोटो बघून. खरा दगड मी पाहिलेला नव्हता.

चौथ्या दिवशी राणीचं प्रकरण आलं. राणीची पहिली मुलगी पाळण्यातच जाते. राणी एकटीच भर उन्हात त्या दगडी हातापाशी जाते, रस्त्यावरचा धोंडा उचलते आणि हातावर घालते. करंगळी तुटून पडते. राणी ती पदरात गुंडाळते, तळ्यावर नेते आणि पाण्यात फेकून देते. घरी येऊन कोणालाही काही सांगत नाही.

मी पान उलटलं, तेव्हा आई उठून बसली होती.

"हे तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

"तुह्या बाबानं?"

"आई, बाबांना काय माहीत असणार?"

"त्यायले नाईच मालूम," ती म्हणाली. "मी त्यायले बी नाई सांगतलं. कोनालेच नाई."

मग तिनं सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. तेव्हा ती आणि बाबा भिलाईजवळ मरोद्याला भाड्याच्या खोलीत राहत. शेजारणी म्हणाल्या, चिंचेखालच्या दाईला, म्हणजे तिथं दगडी हाताच्या रूपात पुजतात त्या देवीला, बांगड्यांचा नवस बोल, लेकरू जगेल. आईनं बोलला. अकराव्या दिवशी मुलगी गेली. महिनाभरानं बाबा ड्यूटीवर असताना आई चिंचेखाली गेली, धोंडा उचलला, आणि पुढचं सगळं माझ्या पुस्तकात होतं तसंच. तळंसुद्धा.

मी म्हटलं, लहान असताना तू कधी झोपेत बोलली असशील, मी ऐकलं असेल. तिनं मान हलवली. ती झोपेत बोलत नाही, असं पुटपुटली. मग म्हणाली, "चाल. मले पाहाचं हाये."

डोळ्याला वारा लागू द्यायचा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑटो करून मरोद्याला गेलो. चिंच होती. तिच्याखाली सिमेंटचा ओटा झाला होता, आणि ओट्यावर शेंदराचा गुडघाभर उंच गोळा. हात दिसतच नव्हता. एक म्हातारी ओटा झाडत होती. तिच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या या दाईचं करत आल्या होत्या. आईनं तिला विचारलं, आत हात आहे ना? म्हातारीनं आईच्या काळ्या चष्म्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, परवा दाईनं चोला सोडला, ये, दाखवते.

चोला म्हणजे वर्षानुवर्षं चढत गेलेला शेंदराचा थर. तो कवचासारखा सुटला होता. म्हातारीनं दोन्ही हातांनी पुढची खपली बाजूला केली आणि उलटी करून ओट्यावर ठेवली. खपलीच्या आतल्या अंगावर हाताचा खळगा होता. दगडावर हात होता. काळा, तेलकट, मनगटाशी बांगड्या. चार बोटं. करंगळीच्या जागी खडबडीत खूण.

आई खाली बसली. "मीच तोडली होती, बाई," ती म्हातारीला हिंदीत म्हणाली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच परक्या माणसासमोर.

म्हातारीला राग आला नाही. ती हसली. "मोर सास टोरे रिहिस," ती म्हणाली.

माझ्या सासूनं तोडली, असं ती छत्तीसगढीत सांगत होती. सासूचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा. आई म्हणाली, नाही, मी स्वतः तोडली, आवाज ऐकला, बोट हातात होतं माझ्या. म्हातारी म्हणाली, सासूही असंच सांगायची.

"त्यांनी बोट कुठे टाकलं?" मी विचारलं.

म्हातारीनं मान वळवून तळ्याकडे पाहिलं. मग तिनं खपली परत हातावर बसवली. ती नीट बसली. जराही फट राहिली नाही.

ऑटोत आईनं काळा चष्मा नीट बसवला. मग म्हणाली, "त्या रानीचं पुढं काय होते?"

दुसऱ्या भागाचा आराखडा तेव्हा माझ्या वहीत तयार होता. हात आपलं बोट मागायला येतो आणि बदल्यात राणीची दुसरी मुलगी नेतो. मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." घरी येऊन ती पानं फाडली.

दुसरा भाग लिहायला दोन वर्षं लागली. त्यात राणी तळ्यावर जाते, तर काठावर आणखी बायका उभ्या असतात, आणि प्रत्येकीच्या पदरात एकेक दगडी बोट असतं. छापायला देण्याआधी मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या लेकराचं नाव नाई लिवलं तू."

"पाळण्यातच गेली ना ती. बारसं झालंच नाही."

"नाव ठरलं होतं. बाराव्या दिवशी ठेवाचं होतं."

"काय?"

तिनं माझं नाव सांगितलं. तिच्यासाठी ठरलेलं, मग मला दिलेलं.

पाळण्यातल्या राजकन्येला मी तेच नाव दिलं. पुस्तक आलं आहे. आईचे डोळे आता चांगले आहेत, ती स्वतः वाचते, शब्दाखाली बोट ठेवून, मोठ्यानं. त्या पानावर आली की पलीकडच्या खोलीतून माझं नाव ऐकू येतं, आणि ओ द्यावी की नाही, हे मला कळत नाही.