मागच्या दारी सापडलेला नवरा मुलगा

मला बघायला आलेला मुलगा पळाला होता!

फार लांब नाही गेला. आमच्याच मागच्या दारी. आणि तिथे माझ्या आत्याने त्याला नारळ खवायला बसवलं.

आमच्या ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. रडून झालंय. सकाळपासून ही एकच गोष्ट मनात उड्या मारतेय, म्हणून लिहितेच. मोबाईलवर टाइप करायला नातीने शिकवलंय. चुका पोटात घाला.

टेंभी नाक्याजवळ माझं माहेर. तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी चौथीत शाळा सोडलेली. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्या सोडून, त्या कागदांवरच.

मुलगा कल्याणचा. नाव वसंत. कारखान्यात स्टोअरला होता. स्थळ आणणाऱ्या मामांनी सांगून ठेवलेलं, "मोठा साहेब होणार बघा हा मुलगा."

पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले. अर्धी आळी खिडकीला लटकलेली. मुलगा म्हणाला, "पाय धुऊन येतो." उठला आणि घराला वळसा घालून मागच्या दारच्या विहिरीकडे गेला.

परत यायला त्याचं पाऊलच उचलेना.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. शेजारच्या काकू त्यांच्या भाच्याला मदतीला पाठवणार होत्या. आत्याला वाटलं, हाच तो.

"काय रे, आत्ता उगवतोस? बस इथे. पोह्यांवर घालायला नारळ खवून दे."

आणि हा माणूस बसला की! "मी नवरा मुलगा" एवढं सांगण्यापेक्षा नारळ सोपा वाटला त्याला.

मी खोबरं न्यायला बाहेर आले. नवी साडी, डोक्यात गजरा आणि मनात नुसता वैताग. आधीच्या स्थळांनी मला खोलीभर चालून दाखवायला लावलेलं. सगळा राग मी ह्या मदतीला आलेल्या माणसावर काढला.

"आलाय म्हणे मोठा साहेब होणारा. आता मला चालायला लावेल, वाचायला लावेल."

त्याने मान वर केली नाही. "त्याला साहेब नाही व्हायचंय."

"मग काय व्हायचंय?"

"काहीच नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तो मीच आहे."

मला इतकं हसू फुटलं की हातातलं ताट पडता पडता वाचलं! तोही हसला. नारळाकडे बघत.

मग म्हणाला, "चार माणसं बघायला लागली की माझे शब्दच जातात हो. हातात काम असलं की येतात परत."

बाहेरून त्याच्या काकांची हाक आली, "वश्या! अरे कुठे उलथलास?" आणि मागोमाग माझे वडीलच आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नवरा मुलगा विळीवर आणि लग्नाची मुलगी समोर उभी राहून खिदळतेय. अण्णांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

त्याला बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं. अण्णांनी विचारलं, "पुढे काय करायचा विचार आहे?"

घामाने त्याचा सदरा भिजला. खिडकीत खसखस पिकली. शेवटी कसंबसं उत्तर आलं, "तसा काही विचार नाही."

अण्णा आत आले. "नाही म्हणून सांगतो त्यांना. ज्याला काही व्हायचंच नाही, त्याच्या घरात पोर कशी द्यायची?"



त्या काळी मुलीला कोणी विचारत नसे. मलाही कोणी विचारलं नाही. पण मी बोलले.

"अण्णा, मला चालेल."

"काय चालेल?"

"त्यांना काही नाही झालं तरी चालेल."

तेवढ्यात आत्या खोबऱ्याचं ताट घेऊन मध्ये पडली. ती त्यांची थोरली बहीण, तिला कोण अडवणार?

"दामू, हे बघ. पांढरं तेवढं काढलंय, काळी पाठ कुठे लागू दिलेली नाही. धीराचा माणूस आहे. आणि तुला रे काय व्हायचं होतं? पैलवान! झालास?"

झालं लग्न!

डोंबिवलीत दोन खोल्यांत संसार मांडला. प्रमोशन चालून आलं, ह्यांनी हात जोडले. लोक मला विचारायचे, "तुमच्या मिस्टरांना काही महत्त्वाकांक्षा नाही का हो?"

मी म्हणायचे, "नाही. चहा घेणार?"

कोणाचंही लग्न असो, हे मांडवात दिसायचे नाहीत. मागे आचाऱ्यांजवळ नारळांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेले. मी पुढे सगळ्यांशी बोलून घ्यायचे, दोघांच्या वाटचं. मग मागे जाऊन ह्यांच्या शेजारी बसायचे.

आमच्या जन्मभराच्या गप्पा तिथेच झाल्या.

नात म्हणते, "आजी, ह्याला सोशल अँग्झायटी म्हणतात." असेल. आमच्या वेळी माणूसघाणा म्हणायचे आणि ते मला फार लागायचं. ह्यांना माणसं आवडायची हो. टक लावून बघणारी तेवढी झेपायची नाहीत.

आज वर्षश्राद्ध. घर माणसांनी भरलंय. सगळे नको म्हणत असताना नारळ मीच खवला. आता खाली बसवत नाही, म्हणून टेबलाला लावायची खवणी. खवता खवता सवयीने ह्यांच्याशी बोलत सुटले. उत्तर आलं नाही तेव्हा हात थांबला.

नात आत डोकावली. "आजी, सगळे हॉलमध्ये थांबलेत."

"येतेच म्हणावं."

अहो, आज इथे चारचौघांत तुमच्याबद्दल एवढं लिहिलं, रागावू नका. खोबरं बघा, काळी पाठ लागू दिलेली नाही.

तुम्ही मागेच बसा निवांत. पुढे कोण कोण आलंय ते मी बघते.