गैरहजर देवकाबाई

पास्टर कैलाश यांनी मुर्री गावात देवकाबाईच्या अंगणात स्कूटर वळवली आणि थेट खाटेवर नेऊन घातली. खाटेवर कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या. अर्ध्या मातीत गेल्या, उरलेल्यांवर कोंबड्या तुटून पडल्या. हरवलेलं मेंढरू कळपात आणायला निघालेला माणूस पहिल्याच मिनिटाला मेंढराच्या दारी आरोपी होऊन उभा राहिला.

"वड्या मोडाले आले का?" देवकाबाई दारातूनच म्हणाली. गुडघ्याला फडकं बांधलेलं. "आता वेचा."

पास्टर वेचायला बसले. विश्वास थंड पडतो, शेकोटीतून बाजूला पडलेला निखारा विझतो, असं बरंच काही वाटेत जुळवून आणलं होतं. पण दुसऱ्याच्या वड्या मातीतून उचलत असताना निखाऱ्याची गोष्ट सांगता येत नाही.

नजर सारखी छपरीकडे जात होती. चर्चची मंडळी सुरू झाली ती घरापुढच्या याच छपरीत. एक ढोलक, एक सतरंजी आणि दाराशी चपलांचा ढीग. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, देवकाबाईचा एक डोळा चपलांवर. आज कुणाची जोडी नाही, हे तिला आमेनच्या आधी कळलेलं असायचं. दुपारी भाताचा डबा घेऊन ती त्याच्या दारात हजर. "ताप हाये का रुसला?" एवढंच विचारायची. ताप असला तर पेज, रुसवा असला तर शिव्या. दोन्ही औषधं लागू पडत. तरुण कैलाश बायबल काखेत मारून मागून पोचायचे, तोवर रुसलेला गडी जेवून हसत बसलेला असायचा.

मग कुडवा गावात मंडळीचा हॉल झाला. टाइल्स, खुर्च्या, छातीत धडधडणारा स्पीकर. चपला पायातच राहू लागल्या. न येणाऱ्यांना मोबाइलवर बायबलचं वचन जाऊ लागलं, खाली गुलाबाचं फूल. देवकाबाईकडे फूल येईल असला मोबाइल नव्हता. आणि कोण आलं नाही हे पाहणारीच येईनाशी झाली, तेव्हा ते कळणार तरी कुणाला? पास्टरांनाही कळलं ते उशिरा, नाताळच्या जेवणाला भात कोण शिजवणार असा प्रश्न निघाला तेव्हा.

"माय, काऊन नाही येऊन राहिली?"

"धानाच्या रोवण्यात बांधावरून पडली ना मी."

"मंग सांगाचं."

"कोणाच्या हाती सांगू? कोंबडीच्या?" तिनं वेचलेल्या वड्यांसाठी सूप पुढे सरकवलं. "पहिले लय वाट पाहिली. गाडी वाजली का मी दारात येऊन पाहत होती. मंग वाटलं, हॉल तं भरूनच राहते, माझ्यावाचून का अडलं."

पास्टरांनी हातातल्या वडीवरची माती फुंकली. माती केव्हाच गेली होती, तरी फुंकत राहिले. या छपरीत ते बेसूर गायचे आणि देवकाबाई त्याहून बेसूर, पण मोठ्यानं गायची, म्हणून त्यांचं झाकून जायचं.

"रविवारी गाडी पाठवतो," सवयीनं तोंडातून गेलं. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "नाही, मीच येतो न्याले. येशील ना, माय?"

देवकाबाई म्हणाली, "पहिले दोन-चार चकरा अशाच मारा, मंग पाहू."