चारही चाकांचा गुन्हेगार

ती दुपार आठवली की आजही माझं हसू मिशीत मावत नाही.

माण तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी ठाणे अंमलदारासमोर सून आणि सासरा येऊन उभे राहिले. सुनेचा नवरा फौजेत. ती स्वतः गाडी चालवून गावातल्या तिघा पेशंटना डायलिसिससाठी साताऱ्याला नेई. तक्रार अशी की, रोज पहाटे चारही टायरांत हवा पाच-पाच पॉइंट कमी. हातातल्या छोट्या पंपानं ती भरेपर्यंत निघायला उशीर. एका आजींची मशीनवरची पाळी हुकलीही होती. पुन्हा हुकली तर पेशंट दुसरी गाडी बघणार आणि हिला गाडी विकावी लागणार.

सासरा माजी फौजी. टेबलावर मूठ आपटून गरजला, "सायेब, गावला की उलटा टांगा त्याला!"

संशय गावच्या वडापवाल्यावर, कारण हे पेशंट आधी त्याच्या जीपमधून जात. अदखलपात्र नोंद करून त्याला बोलावलं. मी डोळे वटारले आणि माझी ठेवणीतली शांतता पसरवली. भलेभले त्या शांततेत पोपटासारखे बोलत. हा गडी बशीतला चहा भुरकून म्हणाला, "सायेब, दुश्मनीच करायची आसती तर टायर फाडला आसता. पाच-पाच पॉइंट मोजून कोण सोडतंय व्हय? त्ये बी चारी चाकांत?"

माझी शांतता माझ्यावरच उलटली. एवढा शिस्तीचा चोर कोण?

दोन दिवसांनी त्यांच्या घरासमोरच्या डेअरीवाल्याचा फोन आला. "दुपारी गाडीपाशी कोण तरी वाकलेलं दिसतंय. फुस्स आवाज येतो." आम्ही पहाटेचा पहारा देत होतो आणि आरोपी भर उन्हात कामावर!

मी आणि बीट हवालदार साध्या वेशात कडब्याच्या गंजीमागे दबा धरून बसलो. सून साताऱ्याहून आली, गाडी उन्हात लावून जेवायला आत गेली. लगेच पंप घेऊन एक जण अवतरला. प्रत्यक्ष सासरेबुवा! नळी लावली, आकडा पाहिला आणि फुस्स.

"हात वर!" मी गंजीतून उसळलो. म्हातारा पंपासकट सावधान!

"आवं, गाडीच्या दारावर कंपनीनं तेहेतीस लिवलंय, हितं अडतीस दावतंय! घाटात टायर फुटला म्हंजे? जादा तेवढीच काढतो. कमी करणारा दुसराच कोण तरी हाय!"

बीट हवालदार कपाळाला हात लावून म्हणाला, "तात्या, गाडी पळून आली की टायर तापतो, आकडा चढतो. रातीत गार झाला की उतरतो. तुमी दुपारी पाच काढता, त्येच पहाटं कमी भरतात."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "म्हंजे आजींची पाळी माझ्यापायी हुकली?"

सून दारात उभी होती. तिनं पंप काढून घेतला. आता कुलपात जाणार, असं मला वाटलं. तिनं तो पुसून परत त्याच्याच हातात दिला. "मामंजी, पहाटं, गाडी हलायच्या आधी बघायचं. कमी आसंल तर भरायचं. ही ड्युटी तुमची."

वडापवाल्याकडे मी स्वतः गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, "सायेब, आता चहा माझ्याकडून."

त्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. नुकसान दिसलं की आधी वैरी शोधायचा नाही, घरातला काळजीवाला कोण ते विचारायचं.

निवृत्तीनंतर एकदा पहाटे त्या गावावरून गेलो. म्हातारा चष्मा लावून ओरडत होता, "चारी चाकं तेहेतीस! इष्टेपनी बी!"

मागच्या सीटवरून आजी कावल्या, "आवं, सोडा आता! मशीन वाट बघतीया."

त्यानं सॅल्यूट ठोकला. गाडी वेळेत सुटली.