दाजींचा बहिष्कार

दाजी तसे एकाच माणसाचे दाजी, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण मेहुणा चारचौघांत त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून खेळायला जमणारी मंडळीही तेच म्हणू लागली, आणि पुढे पुढे तर ते काम करत त्या चष्म्याच्या दुकानाचे मालकसुद्धा. दुकानाच्या मागच्या खोलीत दाजी काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. काम बैठं, आणि माणूस असा की एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. काच चाकावर धरलेली असायची तेव्हाही खाली एक पाय हलत असायचा. घरी जेवताना उठून खिडकी लावायचे, घासभर खाऊन परत उघडायला उठायचे. बायको म्हणायची, "अहो, तुमच्या अंगात मुंग्या शिरल्यात का?"

शांत बसायचे ते फक्त शनिवारी दुपारी. मेहुणा यायचा, जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पडायचं, आणि अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांची लढाई सुरू व्हायची. हसू नका, पोरखेळ नाही तो. हे सैनिक खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले सुटे सुटे येतात, हात वेगळे, मुंडकी वेगळी. ते कापायचे, चिकटवायचे, केसाएवढ्या ब्रशने रंगवायचे, आणि मग टेपने अंतर मोजून, फासे टाकून, जाडजूड नियमपुस्तकाप्रमाणे लढवायचे. दाजींची फौज लाल झग्यांच्या घोडेस्वारांची. मेहुण्याची दलदलीत राहणाऱ्यांची, चिखलाने माखलेली, गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातलेली.

मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलायचा कमी आणि सांगितलेलं तसंच्या तसं करायचा. पण त्याच्या फौजेतला एक चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. एक म्हातारा शिंकायच्या बेतात, एकाची दाढ ठणकतेय, एकाला बहुतेक बायकोने घराबाहेर काढलंय. हे सगळं त्याने वर्षानुवर्षं भिंग लावून रंगवलेलं. दाजी हरले की त्या शिंकणाऱ्या म्हाताऱ्याला यथेच्छ शिव्या द्यायचे आणि मेहुणा खांदे उडवत हसायचा. दाजींना दुसरे मित्र नव्हते. ते कबूल करायचे नाहीत, पण आठवडा ते ढकलत आणायचे तो या एका दुपारपर्यंत.

आता हे सैनिक बनवणारी खरी कंपनी एकच. बारीकसारीक दोन-चार आहेत म्हणा, पण जो तो हिचेच नियम खेळतो, तेव्हा जाणार कुठं? दाजी तिला नुसतं 'ती' म्हणायचे. "तिने परत भाव वाढवले." "तिने मला फसवलं." शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की या घरात काहीतरी भानगड आहे.

आणि दाजींचा राग काही उगाच नव्हता. नियमपुस्तक पाठ व्हायला आलं की ती नवं काढणार, जुनं गेलं रद्दीत. सैनिकांखालच्या चकत्या एकदा चौकोनी, मग गोल, मग आणखी मोठ्या गोल. त्याच घोडेस्वाराची नवी आवृत्ती एवढी उंच की जुना शेजारी ठेवला तर त्याचा मुलगा वाटावा. चांगलं खोकं काढायचं तर मोजकंच, म्हणजे माणसांनी एकमेकांच्या उरावर बसावं. दुकानदाराला त्यातली चार हवी असतील तर धूळ खाणारी दहा त्याच्या गळ्यात मारायची. आणि हे सगळं करून वर पत्रक, की आमच्या लाडक्या खेळाडूंच्या आग्रहाखातर. आग्रह कोणी केला होता हो? दाजींनी तर नव्हता केला.

अशात एके दिवशी पत्रक आलं की दलदलीची फौज 'निवृत्त' होत आहे. म्हणजे नव्या पुस्तकात तिचे नियम नाहीत, कंपनीचा माल विकणाऱ्या दुकानांत खेळायला मांडलेल्या टेबलांवर ती चालणार नाही, स्पर्धेत तर नाहीच. मेहुण्याची एवढ्या वर्षांची मेहनत एका ओळीत घरी बसवली.

दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली काच तशीच टाकून ते मेहुण्याला फोन करायला धावले. मेहुणा कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. म्हणाला, "असू दे, दाजी. जुनं पुस्तक आहे की घरी. आपण आपलं खेळू."

एवढ्यावर गोष्ट संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण दाजींना चैन पडेल तर ना. "प्रश्न तुझ्या-माझ्या टेबलाचा नाही," ते म्हणाले, "प्रश्न तत्त्वाचा आहे."

सैनिक विकणाऱ्या दुकानदाराच्या मागच्या खोलीत त्यांनी सभाच भरवली. आले मोजकेच. बँकेत कामाला होता तो बँकवाला, एक दंतवैद्य, मेहुणा, आणि दारात हाताची घडी घालून खुद्द दुकानदार. दाजी स्टुलावर चढले. आजपासून तिचं खोकं घ्यायचं नाही, पुस्तक घ्यायचं नाही, रंगाची बाटलीसुद्धा नाही, जोवर दलदलीची फौज परत येत नाही. बँकवाला म्हणाला, कबूल. दंतवैद्य म्हणाले, कबूल. दुकानदार म्हणाला, "आणि मी काय चणे विकू?" पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मेहुण्याने हात वर केला. "दाजी, जुन्याचं काय? जे आपल्याकडे आहे ते?"

हा प्रश्न दाजींनी विचारातच घेतला नव्हता. पण स्टुलावर चढलेल्या माणसाला थांबता येत नाही. "जुनंही नाही," ते गरजले. "तिचा शिक्का असलेली एकही वस्तू यापुढे माझ्या टेबलावर दिसणार नाही. काढून टाका सगळं. शब्द आहे माझा."

टाळ्या पडल्या. मेहुण्याने टाळी वाजवली नाही, नुसती मान डोलावली. दाजींना त्या क्षणी फार बरं वाटलं.

दाजींनी घरी येऊन 'काढून टाकलं' म्हणजे लाल झगेवाले कपाटावर चढवले आणि वरून चादर टाकली. पुढचे दोन शनिवार दोघं पत्ते खेळले. पत्त्यांत दाजींचं मन लागेना. ते पानं खाली ठेवून गॅलरीत जायचे, नळ बंद आहे का बघून यायचे, मेहुण्याला विचारायचे की तुला राग येतो की नाही, आणि तो "येतो की" म्हणाला की आणखी चिडायचे. तिसऱ्या शनिवारी मेहुण्याचा फोन आला की घरी जरा काम काढलंय, नाही जमणार. चौथ्यालाही तेच. दाजींनी त्या दुपारी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. चौथ्यांदा घालायच्या आत बायकोने त्या उचलून आतच ठेवून दिल्या.

नेमका त्याच आठवड्यात दुकानदाराचा फोन. "दाजी, बहिष्कार माहीत आहे मला. फक्त कानावर घालतो. लाल झगेवाल्यांची राणी आलीय. घोड्यावर, हातात ससाणा. माझ्या वाट्याला मोजकीच खोकी आलीत. तुमच्यासाठी एक बाजूला ठेवू की देऊन टाकू?"

आता या राणीची दाजींनी किती वाट पाहिली होती ते सांगून खरं वाटणार नाही. पुस्तकात तिचं नुसतं नाव यायचं, कथा यायची, मूर्ती म्हणून कधी काढलीच नव्हती. दाजी म्हणाले, "देऊन टाका." फोन ठेवला. मग काच घासायला घेतली आणि ती कडेला चिरली. मालक म्हणाले, दाजी, बरं वाटत नसेल तर घरी जा. दाजी निघाले, पण घरी गेले नाहीत.

नुसतं बघून येतो, असं मनाशी म्हणत ते दुकानात शिरले, तर समोर बँकवाला. पाठीमागे पिशवी लपवून उभा.

"मी पुतण्यासाठी आलोय," बँकवाला म्हणाला.

"तुला पुतण्या कुठंय?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून दंतवैद्य बाहेर आले. त्यांच्या काखेत दोन खोकी होती, म्हणून त्यांनी काही कारण देण्याचा त्रासही घेतला नाही. दुकानदार हसून हसून काउंटरवर वाकला. म्हणाला, मागच्या बहिष्कारातही असाच धंदा झाला होता, तुम्ही मंडळी अधूनमधून शपथ घेत जा.

दाजीही हसले. हसता हसता खोकं हातात आलं, आणि हातात आल्यावर कोण खाली ठेवतो? मग बँकवाला हळूच म्हणाला, "फक्त तुमच्या मेहुण्याला नको कळायला. तो बिचारा खरंच पाळतोय." सगळ्यांनी माना हलवल्या. दाजींनीही हलवली, आणि बाहेर पडल्यावर त्यांना ती मान कापून टाकावीशी वाटली.

खोकं त्यांनी माळ्यावर सुटकेसमागे सरकवलं आणि खाली येऊन खुर्चीत बसले. बायको भाजी चिरत होती. न बघताच म्हणाली, "घेतलंत ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? अर्धा तास झाला, उठला नाहीत."

मग दाजींनी सगळं ओकलं. बायकोने ऐकून घेतलं. म्हणाली, "कंपनी गेली खड्ड्यात. माझ्या भावाला उघड सांगा. तो रागावणार नाही, पण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर मनात ठेवेल."

हे मात्र दाजींना पटलं. दोन दिवस ते मनात वाक्यं जुळवत राहिले, काच घासताना ओठ हलायचे. शेवटी ठरलं असं की खोकं टेबलावर उघडंच ठेवायचं. शपथ मोडली म्हणून सरळ सांगायचं, कान पकडायचे, आणि म्हणायचं की चल, तुझे दलदलवाले काढ, जुन्या पुस्तकाने खेळू, त्या शिंकणाऱ्या म्हाताऱ्याला मला आज धडा शिकवायचाय. एवढं ठरल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः हिरव्या कापडाला इस्त्री केली.

मेहुणा आला तो काखेत बुटांचं खोकं घेऊन, चेहरा उजळलेला. चपला काढता काढताच बोलायला लागला, आणि तो असं आपणहून कधी बोलायचा नाही. "दाजी, जमलं एकदाचं. म्हणून येत नव्हतो इतके दिवस. कोणाच्या बापाचा शिक्का नाही आता." त्याने झाकण उघडलं. आत पुठ्ठ्याचे सैनिक होते. जाड पुठ्ठा पात्याने कापलेला, कडा घासलेल्या, दोन्ही बाजूंनी रंगवलेला, खाली लाकडाचे तुकडे. अर्धे दलदलवाले, अर्धे लाल झगेवाले. "तुमचेही केलेत. तुम्ही तुमचे काढून टाकले ना, मग खेळणार कशाने? नियमही मीच लिहितोय, सोपे..."

मग त्याची नजर टेबलावर गेली. राणी तिथे होती, खोक्यावरच्या चित्रात ससाणा घेतलेली, आत प्लास्टिकच्या चौकटीतून अजून न कापलेली, आणि शेजारी कपाटावरून खाली उतरवलेली सगळी लाल फौज.

दाजींनी जुळवलेलं एकही वाक्य जागेवर सापडेना. "अरे, मोडली मी शपथ," ते कसंबसं म्हणाले. "सगळ्यांनीच मोडली. चुकलं माझं. आपण आपले जुनेच खेळू, तुझे दलदलवाले घेऊन ये."

"ते नाहीत," मेहुणा म्हणाला. "दिले मी. लांबून एकजण गाडी घेऊन आला होता. त्यांच्याकडे अजून जुनं पुस्तक चालतं."

"सगळे?"

"तुम्ही म्हणालात ना, जुनंही नाही."

"म्हातारासुद्धा?"

मेहुण्याने मान डोलावली. दाजी मटकन खाली बसले. त्यांना एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. फोन कर त्याला, ते म्हणाले, मी जातो, मी पाया पडतो त्याच्या. मेहुणा म्हणाला, दिलेलं परत कसं मागायचं? तो माणूस एकेक चेहरा बघून खूष झाला होता.

मग त्याने राणीचं खोकं उचलून जवळून बघितलं. "छान बनवलीय," म्हणाला, आणि ते खरंच त्याला वाटलं होतं. पुठ्ठ्याचे लाल झगेवाले त्याने एकेक करून टेबलाच्या कडेला मांडले, दलदलवाले परत खोक्यात भरले आणि झाकण लावलं. स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "ताई, निघतो. साहेब किती वर्षं मागे लागलेत शनिवारच्या पाळीसाठी. म्हणतो, घेऊन टाकावी."

"चहा तरी घे," बहीण म्हणाली. तो थांबला नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. "अहो, बसलात काय? जा की मागे."

दाजी अनवाणीच जिना उतरले. मेहुणा फाटकापाशी पोचला होता. त्यांनी हाक मारली तसा तो थांबला, वळला आणि वाट बघत उभा राहिला. दाजींना धाप लागली होती. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडात आलं ते एवढंच, "काय करणार, कंपनीच तशी आहे रे."

"कंपनीने मला शब्द दिला नव्हता, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याने खोकं दुसऱ्या काखेत घेतलं आणि फाटक लोटून तो रस्त्याला लागला.